थंड आगीची बंदूक

माझ्या बायकोला मारामारीचे पिच्चर लई आवडायचे. देवादिकांची मालिका लागली की ती उठून चुलीकडं जायची, आणि बंदूक वाजली की पिठाचे हात तसेच घेऊन टीव्हीपुढं येऊन बसायची. साउथचे पिच्चर, हिंदीत बोलणारे. हिंदी तिला निम्मी कळायची. "कशाला कळाय पायजे?" म्हणायची. "कोण वाईट हाय ते तोंडावरनं कळतंय, आन् किती वाईट हाय ते बंदुकीवरनं."

तामलवाडीजवळ आमचं गाव. थोडी जमीन, दोन म्हशी. मी शिकलो चौथीपर्यंत, ती तेवढीही न्हाय. आम्हाला लेकरू झालं न्हाय. दुपारी जेवण झालं की ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायची आणि मी भिंतीला टेकून बिडी ओढायचो. समोर बंदुका चालायच्या.

एक पिच्चर तर सारखा लागायचा. त्यात हिरोच्या घरच्यांना मारतात आणि मग हिरो एकेकाला शोधून मारतो. त्याच्याकडं एक दांडगी काळी बंदूक होती. लई नळ्या एकत्र बांधल्यासारखी. बटण दाबलं की नळ्या गरागरा फिरायच्या आणि समोरच्या जीपा कागदासारख्या उडायच्या. बायको म्हणायची, "ही बंदूक हाय का मळणीयंत्र?" व्हिलनकडं सोनेरी पिस्तूल. ते बघून म्हणायची, "गळ्यात घालायचं सोडून हातात धरलंय मेल्यानं." आणि हिरोचा एक म्हातारा चुलता होता, त्याच्याकडं जुनी दोन नळ्यांची, मधून मोडून काडतूस भरायची बंदूक. तिला ती पसंत. "ही कष्टाची बंदूक हाय. दोनदा वाजली की थांबती, पुन्हा भरावी लागती. हिरोची काय, सरतच न्हाय. फुकटचं काम हाय ते."

शेवटाला व्हिलन हिरोच्या कपाळाला पिस्तूल लावायचा आणि लांबलचक भाषण सुरू करायचा. ते सुरू झालं की ही ओरडायची, "मार की मेल्या! बंदूक हातात आल्यावर कुणी बोलत बसतंय व्हय!" त्या बोलण्यातच हिरो सुटायचा. मग पिस्तूल हिरोच्या हातात यायचं आणि हिरोही भाषण सुरू करायचा. ही त्यालाही सोडायची न्हाय. शेंगा त्याच्या अंगावर फेकायची. टीव्हीच्या खाली टरफलं पडायची ती मला झाडावी लागायची.

हे सगळं सांगतोय कारण लोक म्हणायचे, म्हातारीला दिसत कमी होतं, पदराचं भान नव्हतं. तिला शेंगेतला किडका दाणा लांबून दिसायचा. आणि जन्मभर तिनं चुलीपुढं भाकरी केल्या, पदराला कधी ठिणगी लागू दिली न्हाय. हे आधी लिहून ठेवतो. मग बाकीचं.

तिचा एक सख्खा भाऊ. उमरग्याला असतो. जेसीबी आहेत, मुरमाचे टिप्पर आहेत, हायवेच्या कडेला मोठं घर आहे. आई लवकर गेली म्हणून हिनंच त्याला कडेवर वागवलेला. तो मोठा झाला, पोट सुटलं, तरी ही त्याला "माझा बारका" म्हणायची. तो तिला अक्का म्हणायचा आणि मला दाजी. त्याला एक मुलगा, एक मुलगी. आम्हाला नसल्यामुळं तीच हिची लेकरं. सुट्टीला यायची, म्हशीवर बसायची, हिच्याबरोबर पिच्चर बघायची. पोरगा तर केरसुणी खांद्याला लावून हिच्यावर गोळ्या झाडायचा आणि ही शेंगांच्या ढिगावर मरून पडायची. हसत हसत मरायची.

त्या पोराचं लग्न ठरलं.

आमच्याकडं नवरदेव लग्नाआधी वाजत-गाजत मारुतीला जातो, त्याला परण्या म्हणतात. घरातून निघताना आत्या त्याला ओवाळते. तो तिचा मान. भावानं तिला त्यासाठी साडी दिली. चकचकीत, हाताला निसटणारी, दिव्याखाली माशासारखी चमकणारी. मला ती आवडली न्हाय. "सुती नेस," म्या म्हणलं. "भावानं दिल्याली साडी ठेवून सुती नेसू व्हय? लोक काय म्हणतील त्याला?" तिला त्याचीच काळजी.

दारात मांडव, मांडवापुढं उघडी जीप. जीपमधी नवरदेव उभा. काळा चष्मा, शेरवानी, आणि खांद्यावर बंदूक. तीच. त्या पिच्चरमधली, लई नळ्यांची. पत्रा आणि प्लास्टिकची केलेली, काळा रंग मारलेली. आत ठिणग्यांची नळकांडी बसवलेली, बटण दाबलं की पुढून पांढऱ्या ठिणग्यांचा फवारा उडतो. लग्नात असल्या बंदुका भाड्यानं मिळतात आता. नवरदेवाचे दोस्त पिच्चरमधले डायलॉग ओरडत होते. जीपच्या दोन्ही बाजूला मोठे पंखे लावले होते, धूर उडवायला.

माझी बायको ताट घेऊन पुढं गेली आणि बंदूक बघून लेकरासारखी हरखली. मागं वळून मला ओरडून सांगितलं, "अवो, बघा की! मळणीयंत्र!"

सगळे हसले. मीही हसलो.

घरात नवी वस्तू आली की हळद-कुंकू लावायचं, ही आमची सवय. ट्रॅक्टरला लावतो, पाण्याच्या मोटरीला लावतो. तिनं नवरदेवाला कुंकू लावलं आणि मग बंदुकीच्या नळीलाही बोट टेकवलं. बंदूक भाड्यानं देणारा गडी तिथंच उभा होता. तो म्हणाला, "मावशी, जरा मागं." तिचा भाऊ म्हणाला, "असू दे रं. अक्काचा मान हाय. फोटो चांगला येईल." तो गडी म्हणाला, "मग असू द्या. थंड आग हाय, हातालासुद्धा लागत न्हाय."

थंड आग. त्याच्या तोंडचा हा शब्द मी विसरलो न्हाय.

त्या पंख्याच्या वाऱ्यानं ताटातला दिवा विझला. ओवाळायचं तर दिवा पाहिजे. ती माझ्याकडं वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "अवो, काडीपेटी द्या की. दिवा इझला." तिचा भाऊ तिच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. मी मांडवाच्या खांबाशी होतो. बंडीच्या खिशात हात घातला, काडीपेटी बोटांना लागली. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "व्हिडिओ चालू हाय, हाण!" आणि नवरदेवानं बटण दाबलं.

माझा हात खिशातून बाहेर यायच्या आत ती पेटली.

ती साडी पेटली न्हाय, वितळली. अंगाला चिकटली. मी हातांनी झोडपलं, कुणीतरी सतरंजी टाकली. माझ्या तळहातांवर अजून खुणा आहेत. भाकरी मोडताना दिसतात.

सोलापूरला नेलं. भाऊ बरोबर आला. वाटेत सगळ्यात मोठ्यानं तोच रडत होता, हेही लिहितो, खोटं कशाला. पण मागं लग्न थांबलं न्हाय. अक्षता वेळेवर पडल्या. पाव्हणे आले होते, जेवण शिजलं होतं, असं मला नंतर सांगितलं.

दवाखान्यात हवालदार आला जबाब घ्यायला, संगट डॉक्टर. मी दारात उभा. तिचा आवाज बारीक झाला होता, पण शुद्ध होती. ती म्हणाली, "ववाळताना ताटातल्या दिव्यानं पदर पेटला. कुणाची चूक न्हाय."

म्या म्हणलं, "खोटं बोलतीया ती. दिवा इझला व्हता."

हवालदार म्हणाला, "आजोबा, बाहेर थांबा."

तिनं माझ्याकडं बघितलं. जबाबाच्या कागदावर अंगठा उठवला. हवालदार गेल्यावर मी जवळ बसलो तर मलाच म्हणाली, "पोराची हळद वाळली न्हाय अजून. त्याला आत घालता व्हय?"

"आन् तुझं काय?"

"माझं झालं की आता."

जन्मभर टीव्हीपुढं मार मार म्हणून ओरडली, आणि खरी वेळ आली तेव्हा सोडून दिलं. मी तिच्यावर तेव्हाही चिडलो होतो, आजही चिडलेला आहे. तिनं माफ केलं. मी न्हाय केलं. तिला विचारून करायची ती गोष्ट न्हाय.

बाहेर व्हरांड्यात तिचा भाऊ बाकड्यावर बसला होता. त्याला विचारलं, "तू शेजारी व्हतास. तिनं काडीपेटी मागितली, ते ऐकलंस का न्हाय?"

तो खाली बघून म्हणाला, "दाजी, त्या गोंगाटात काय ऐकू येतंय? अक्का सांगती ते खरं."

ती गेली. दहाव्याला सगळे नदीवर जमले. तिथं मी अंघोळ करून वर येत होतो, माझी पाठ होती, तेव्हा तिचा भाऊ चार पाव्हण्यांना सांगत होता, "अक्काला दिसत कमी होतं ओ. किती बार म्हणलं, दिव्यापाशी पदर सांभाळत जा. ऐकतच नव्हती."

तिथंच मला पहिल्यांदा वाटलं की याला मारावं. पोरावर माझा एवढा राग न्हाय. ते पोर लेकरासारखंच, केरसुणी सोडून पत्रा हातात आला एवढंच. त्यानं येऊन माझे पाय धरले. पण ज्याला तिनं कडेवर वागवलं, ज्याच्यासाठी अंगठा उठवला, त्यानं तिला मेल्यावर वेंधळी ठरवावं? तिनं खोटं बोलून त्याला वाचवलं, ते तिचं. पण त्या खोट्यावर यानं स्वतःच्या हातानं आणखी एक थर चढवला, तो मी कसा सोडू?

गावात बोललो तर लोक म्हणायचे, "तात्या, झालं ते झालं. वय काय आपलं." तीच माणसं. पारावर मोबाइलमधी तोच पिच्चर बघतात, हिरोनं घरच्यांचा सूड घेतला की शिट्ट्या मारतात. पडद्यावरच्या माणसाला कुणी वय विचारत न्हाय. मी म्हणलं, "त्यानं केलं तर शिट्टी, आन् म्या म्हणलं तर वय झालं व्हय रं?" एकजण म्हणाला, "तात्या, त्याच्याकडं बंदूक हाय." सगळे हसले. माझ्याकडं काय होतं? ती काडीपेटी. बंडीच्या खिशात तशीच. त्यातली एक काडीही मी नंतर ओढली न्हाय. बिडीला दुसरी पेटी घेतली.

दुपारी मी एकटा तो पिच्चर लावून बसायचो. आधी मी बंदुकीकडं कधी नीट बघितलंच नव्हतं, मी तिच्याकडं बघायचो. आता बघू लागलो. हिरो कोणती कुठं धरतो. दांडगी कमरेला लावून, लांब नळीची डोळ्याला लावून, पिस्तूल एका हातानं. कोणत्या बंदुकीनं माणूस लगेच मरतो आणि कोणत्या बंदुकीनं बोलायला वेळ मिळतो. म्हाताऱ्या चुलत्याची दोन नळ्यांची बंदूक मी मनातल्या मनात कितीदा मोडली, भरली, मिटली. समोर प्रत्येक वेळेला मेव्हणाच. त्याची ती सोन्याची साखळी, ते पोट. बायकोनं ज्याच्या तोंडात घास घातला त्या तोंडाकडं नळी. चहा निवून जायचा.

एक दिवस उठलो, एसटी धरली आणि उमरग्याला गेलो.

त्या बंदुका भाड्यानं देणाऱ्याचं दुकान हायवेला, टायरवाल्याच्या शेजारी. त्यानं मला ओळखलं न्हाय. दाढी वाढली होती, आणि तसं त्यानं त्या दिवशी तरी कुठं मला बघितलं होतं. "या काका. कुणाचं लगीन?"

म्या म्हणलं, "जवळचंच हाय. बंदुका दाखव."

भिंतीला ओळीनं टांगल्या होत्या, खाटकाच्या दुकानात टांगतात तशा. तो एकेक काढून दाखवू लागला. ही अमक्या पिच्चरमधली, ही एका हातानं धरायची. ही खांद्यावर. ही नवरा-नवरी पाठीला पाठ लावून उभं राहून मारतात, हिला लई मागणी आहे. तो पिच्चरची नावं आमच्याकडं गावातल्या तालमीच्या पैलवानांची सांगतात तशी मानानं सांगत होता.

"आन् ती लई नळ्यांची?"

"ती तर आपली राणी हाय, काका." त्यानं ती काढून माझ्या हातात दिली.

सुपासारखी हलकी. मला वाटलं होतं जड असेल. एवढी हलकी वस्तू, आणि तिनं केवढं वजन उचलून नेलं माझ्या घरातलं. नळीवर नवा रंग मारला होता. बायकोनं कुंकवाचं बोट टेकवलेलं कुठं दिसतं का बघितलं. न्हाय दिसलं.

मी ती कमरेला लावली, हिरो लावतो तशी, आणि त्या गड्याच्या छातीकडं केली.

तो हसत होता, मग हसायचा थांबला. "काका, बटणाला हात लावू नका. नळकांडं भरलंय."

"थंड आग हाय ना?"

"व्हय, पण एवढ्या जवळून न्हाय ओ. कापड पेटतंय."

"कुणी पेटलंय का आधी?"

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग खाली बसला, खुर्चीवर न्हाय, तसाच जमिनीवर. बहुतेक तेव्हा ओळखलं. म्हणाला, "म्या मागं सरा म्हणलं व्हतं." म्या म्हणलं, "व्हय. म्हणला व्हतास. म्हणून तू अजून जित्ता बसलायस." 

खरं सांगतो, ती बंदूक उचलून मेव्हण्याच्या घरी जायचं माझ्या मनात होतं. घर तिथून लांब न्हाय. दार उघडलं असतं, "या दाजी" म्हणला असता, मी बटण दाबलं असतं. पण तिथं उभं राहून विचार आला, पेटलेला माणूस नुसता ओरडतो. तो खरं बोलत न्हाय. आणि मेला तर लोक त्याच्यासाठी रडणार, त्याचा फोटो चौकात लागणार, आणि माझी बायको वेंधळी ती वेंधळीच राहणार. मला तो मेलेला नको होता. मला तो बोललेला पाहिजे होता. बंदूक भिंतीला लावून ठेवली आणि परत आलो.

मग मेव्हण्याच्या मुलीचं लग्न निघालं.

ती पोरगी स्वतः आली पत्रिका घेऊन. अक्षता दिल्या, पाया पडली. आत्याचा नवरा म्हणून मला मामा म्हणते. "मामा, तुम्ही आलात न्हाय तर मी बोहल्यावर उभी राहणार न्हाय." चांगली पोरगी. बायकोच्या फोटोला हार घातला.

मी विचारलं, "काय काय बेत हाय?"

ती जरा अडखळली. "त्या लोकांची हौस हाय, मामा. नवरदेवाच्या दोस्तांनी एंट्री ठरवलीया. आमी दोघं पाठीला पाठ लावून... बंदुका."

"तुझा बाप काय म्हणला?"

"नको म्हणले आधी. मग पाव्हणं रुसले. मग म्हणले, आपली अक्का दिव्यानं गेली, बंदुकीचं काय? होऊ दे."

ती गेल्यावर अंगणात म्हशीपाशी जाऊन उभा राहिलो. स्वतःच सांगितलेलं खोटं त्याला आता खरं वाटाय लागलं होतं. पुन्हा मांडव, पुन्हा पंखे, पुन्हा पुढं कुणाची तरी बायको ताट घेऊन.

लग्नात आहेराची आमची रीत अशी. नवरदेव मारुतीला गेलेला असतो, पोरं नाचत असतात, तासभर कुणी येत न्हाय. तोवर मांडवात माइकवरून आहेर पुकारतात. अमक्याकडून अमक्याला टोपी-टॉवेल. ज्याला आहेर, तो स्टेजवर येतो, देणारा त्याच्या डोक्यावर टोपी घालतो, खांद्यावर टॉवेल टाकतो, हातात नारळ देतो. टोपी घालून घेताना समोरच्याला मान खाली घालावीच लागते. हे मला लई दिवसांपासून माहीत होतं, पण त्याचा उपयोग त्या दिवशी कळला.

मी पांढरी टोपी घेतली, नवा टॉवेल घेतला. नारळ घेतला न्हाय.

हायवेचं मंगल कार्यालय, मांडव माणसांनी गच्च. स्टेजच्या बाजूला टेबलावर बंदुका मांडून ठेवलेल्या. तोच गडी. मला बघून टेबलामागं सरकला.

आहेर पुकारणाराला म्या म्हणलं, "मुलीच्या बापाला. तिच्या आत्याच्या घरून." तो पुकारणारा गप्पिष्ट माणूस, दर आहेराला काहीतरी जोडायचा. त्यानं पुकारलं, "मुलीच्या आत्याच्या घरून, दाजींकडून! टोपी, टॉवेल आणि..." माझ्या हाताकडं बघून थांबला. "आणि हे काय दाजी, काडीपेटी?"

मांडव हसला. कुणीतरी मागून ओरडलं, "बिडी इसरली काय तात्या?"

मेव्हणा स्टेजवर आला होता. फेटा काढून मान खाली घातली. म्या त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, आणि त्याचा हात धरून काडीपेटी त्याच्या तळहातात ठेवली. त्यानं बघितली. कडेनं चुरगळलेली, एका कोपऱ्यावर काळी पडलेली. त्याला कळलं.

माझ्या मनात केवढं बोलायचं होतं. सगळं पाठ केलेलं. कडेवर वागवलेलं, दहाव्याला नदीवर बोललेलं, साडी, पंखे, फोटो चांगला येईल म्हणलेलं. माइक माझ्या हातात होता. तेवढ्यात मला टीव्हीपुढं ओरडणारा तिचाच आवाज आठवला. मी सगळं भाषण सोडून दिलं आणि एवढंच विचारलं, "तुझ्या अक्कानं शेवटाला काय मागितलं व्हतं?"

हसणं थांबलं. माइकमधून माझा आवाज बाहेर हायवेपर्यंत गेला असेल.

तो म्हणाला, "दाजी, आज नको." हळू म्हणाला, पण माइक जवळ होता.

"काय मागितलं व्हतं?"

त्यानं हातातल्या पेटीवर मूठ मिटली. मग म्हणाला, "काडीपेटी."

"कशाला?"

"दिवा इझला व्हता."

"मग पेटली कशानं?"

त्यानं टेबलावरच्या बंदुकांकडं बघितलं न्हाय. डोळे मिटले. पण बोलला. "बंदुकीनं. अक्काची चूक नव्हती. तिला नीट दिसत व्हतं. म्या खोटं बोललो."

म्या माइक पुकारणाराच्या हातात दिला. तो गप्पिष्ट माणूस, त्यानं माइकचं बटण बंद केलं.

मेव्हण्याची बायको धावत आली. "दाजी, माझ्या पोरीच्या मांडवात राख टाकलीत!" म्या म्हणलं, "व्हय. टाकली." तिकडून नवरदेवाकडचा चुलता आला, तावातावानं. "हे काय पाव्हणं? आन् एंट्रीचं काय? पोरांनी पिच्चर बघून सगळं बसवलंय." मेव्हणा टोपी तशीच डोक्यावर ठेवून उभा होता. त्या गड्याला म्हणाला, "बंदुका पेटीत भर. ह्या मांडवात वाजायच्या न्हायत." चुलता म्हणाला, "मग आमी परत जातो." मेव्हणा म्हणाला, "जायचं तर जावा." ते गेले न्हायत. बाहेर बसून राहिले, दोनदा चहा घेतला, तोंडं वाकडी केली, पण अक्षतेला आत आले. पोरगी साधी चालत आली. पुढं तिची मावशी ताट घेऊन होती. दिवा पेटलेला होता.

पोरीनं माझ्या पाया पडायला यायला पाहिजे होतं. सगळ्या वडीलधाऱ्यांच्या पडली. माझ्याकडं बघितलं आणि आली न्हाय. तेवढं मला लागलं. त्याचं मी काही करू शकत न्हाय.

मी तिथं जेवलो न्हाय. गाडीची वाट बघत रस्त्याला उभा होतो, तर मेव्हणा मागून आला. टॉवेल खांद्यावरच. म्हणाला, "दाजी, अक्कानं मला वाचवलं व्हतं. तुमी आज मारलंत."

म्या म्हणलं, "व्हय."

"आता तरी झालं का तुमच्या मनासारखं?"

"न्हाय. ती कुठं परत आली?"

तो अजून काहीतरी बोलणार होता. माफी मागणार होता बहुतेक. मला ती नको होती. गाडी आली, मी चढलो. खिडकीतून बघितलं तर काडीपेटी त्याच्या मुठीतच होती. राहू दे त्याच्यापाशी. दिवा लावताना रोज दिसेल.

नंतर एकदोघांनी विचारलं, पोलिसात जायचं का. म्या म्हणलं, कागदावर तिचा अंगठा आहे, तो तिचा मान, तो कागद तसाच राहू दे. मला कागदावर काही नको होतं. आता उमरग्यापासून तामलवाडीपर्यंत कुणी म्हणत न्हाय की म्हातारीला दिसत कमी होतं. तिच्या भावाच्या तोंडून लोकांनी ऐकलंय.

माझा राग गेलेला न्हाय. जायला पाहिजे असंही वाटत न्हाय. दुपारी तो पिच्चर लागला की मी अजून बघतो. समोर शेंगा घेऊन बसतो, ह्या भाजलेल्या हातांनी फोडायला येत न्हायत, तरी. व्हिलन पिस्तूल लावून बोलायला लागला की आवाज बारीक करतो.

ती असती तर त्या लग्नातून घरी आल्यावर मला शिव्यांनी धुतलं असतं. पोरीच्या मांडवात असं करतात व्हय, माझ्या बारक्याला चारचौघांत असं उभं करतात व्हय, म्हणून भाकरी पुढं आदळली असती. दोन दिवस बोलली नसती. आणि मग एखाद्या दुपारी, टीव्हीकडं बघत, माझ्याकडं न बघता म्हणाली असती, "पर बोलत बसला न्हाईत, तेवढं बरं केलंत."